क्रोशाची वॉफल वीण: उठावदार चौकडी पहिल्या साखळीपासून

दारावरचे तोरण, थाळपोस, टीपॉयवरचा रुमाल हे क्रोशाकाम आपल्या घरांतून बहुतेकांनी पाहिलेले असते. ते बारीक सुती दोऱ्याचे, सपाट आणि जाळीदार. वॉफल वीण त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे. ती जाड आणि भरीव असते, तिच्यावर उभ्या-आडव्या रेघा उठलेल्या असतात आणि रेघांच्या मध्ये खोल चौकोनी खण पडतात. खणांत हवा अडकून राहते, म्हणून ही वीण चांगली ऊब धरते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत पहाटेचा पारा पाच अंशांच्या आसपास येतो, धुके लवकर हटत नाही. अशा थंडीत गळपट्टा, टोपी किंवा बाळाचे दुपटे विणायचे असेल तर हीच वीण घ्यावी.

मूळ विणीसाठी आधीपासून फक्त दोन गोष्टी यायला हव्यात: साखळी आणि खांब. तिसरा टाका इथे शिकून घ्या. हात टाका लवकर उचलतो. बहुतेक जण अडतात ते पुढच्या टाक्यासाठी सुई नेमकी कुठे घालायची हे विणीकडे पाहून ओळखता येत नाही म्हणून. त्यामुळे या लेखात टाक्यापेक्षा सुईच्या जागेवर जास्त वेळ दिला आहे.

१. नावे आधी पक्की करा

या लेखात ‘खांब’ म्हणजे एक वेढ्याचा पूर्ण खांब. अमेरिकी पद्धतीच्या नमुन्यांत आणि बहुतेक व्हिडिओंत त्याला डबल क्रोशे म्हणतात, ब्रिटिश पद्धतीत ट्रेबल. ब्रिटिश पद्धतीतला डबल क्रोशे म्हणजे मात्र आपला मुका खांब, वेढा न घेता विणलेला आखूड टाका. घोटाळा इथेच होतो. मुक्या खांबाला धड उंचीच नसते, त्यामुळे त्याच्याभोवती सुई फिरत नाही आणि ‘मला जमत नाही’ असे वाटायला लागते. दुसरा कुठलाही नमुना उघडलात तर तो कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी पाहा. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला तर तो अमेरिकी पद्धतीचा, कारण ब्रिटिश पद्धतीत तो टाका त्या नावाने ओळखला जात नाही.

२. सामान

- लोकर: एकरंगी, फिकट, गुळगुळीत, मध्यम जाडीची. सरावाला ५० ग्रॅम पुरते.
- क्रोशाची सुई: गोळ्याच्या पट्टीवर सांगितली असेल त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड. मध्यम लोकरीला साधारण ४.५ किंवा ५ मिमी, पातळ बेबी वुलला ३.५ किंवा ४ मिमी.
- बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची लोकरीची सुई, टोके आत लपवायला.
- कात्री, मोजपट्टी, पाच-सहा सेफ्टी पिना.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा. याचा उपयोग दहाव्या पायरीत आहे.

घरातली तोरणाची जुनी स्टीलची सुई इथे चालणार नाही. ती दोन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असते. शिवाय स्टीलच्या सुयांचे क्रमांक उलटे चालतात, क्रमांक मोठा तितकी सुई बारीक. म्हणून दुकानात नुसता क्रमांक न सांगता मिलिमीटर सांगा. पोनीच्या ॲल्युमिनियमच्या सुयांवर मिलिमीटरचा आकडा कोरलेला असतो.

वर्धमान, गंगा, ओसवाल यांची ॲक्रिलिक लोकर सरावाला उत्तम. बहुरंगी, छटा बदलणारी लोकर मोह पाडते, पण तिच्या रंगांत खण दिसेनासे होतात. केसाळ, मऊ-मऊ लोकरही नको, तिच्यात टाक्याचे डोके सापडत नाही आणि उसवताना गुंता होतो. काळा, गडद निळा, मरून हे रंग हात बसल्यावर घ्या. हिवाळ्यात ऊन लवकर उतरते आणि दिव्याखाली गडद रंगाचे टाके मोजणे डोळ्यांना त्रासाचे असते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याभोवतीच्या गल्ल्यांत किंवा मुरारच्या बाजारात खरेदी करताना हिंदीत ‘ऊन’ आणि ‘क्रोशिया’ मागा, लोकर म्हटल्यावर समोरचा कधी कधी नुसता बघत राहतो. लोकर हा हंगामी माल आहे आणि थंडी सरत आली की संपलेला रंग सहसा पुन्हा भरला जात नाही. मोठे काम हाती घेणार असाल तर सगळे गोळे एकदम घ्या आणि पट्टीवरचा रंगाचा लॉट नंबर जुळवून पाहा. वेगळ्या लॉटचा तोच रंग दुकानात सारखा भासतो, विणल्यावर मात्र पट्टा उठून दिसतो.

गरम भांड्याखाली ठेवायची चौकट किंवा भांडे धरायचा रुमाल करायचा असेल तर ॲक्रिलिक अजिबात वापरू नका. उष्णतेने ते वितळते आणि हाताला चिकटू शकते. त्यासाठी फक्त सुती दोरा घ्या, उदाहरणार्थ अँकरचा निटिंग कॉटन.

३. खांबाचे भाग ओळखा

पंधरा-वीस साध्या खांबांची एक ओळ विणा आणि ती खिडकीजवळ धरून नीट पाहा. प्रत्येक खांबाला दोन भाग आहेत.

वर आडवा पडलेला, इंग्रजी व्हीच्या आकाराचा दुहेरी धागा म्हणजे *डोके*. साधा खांब विणताना सुई या दोन्ही धाग्यांखालून जाते.

डोक्याखालचा उभा भाग म्हणजे *खांबाचे अंग*. दोन खांबांच्या अंगांमध्ये एक फट असते. वॉफलमधला उठाव या फटीतून येतो.

डोके त्याच्या अंगाच्या अगदी सरळ वर नसते, उजव्या हाताने विणणाऱ्यांच्या कामात ते किंचित उजवीकडे सरकलेले दिसते. म्हणून कोणते डोके कोणत्या अंगाचे अशी शंका आली तर अंगावर बोट ठेवून वर सरकवत न्या. या ओळखीत दहा मिनिटे घातलीत तर पुढचे कित्येक तास उसवण्यात जात नाहीत.

४. उठाव खांब

हा नवा टाका. याला अंगाभोवतीचा खांब म्हणा हवे तर. नमुन्यांत तो ‘फ्रंट पोस्ट’ नावाने असतो. उजव्या हाताने विणणाऱ्यांसाठी कृती अशी:

क) सुईवर एक वेढा घ्या.

ख) ज्या खांबाभोवती टाका घ्यायचा त्याच्या *उजवीकडच्या* फटीतून सुईचे टोक समोरून मागे न्या.

ग) अंगाच्या मागून सुई डावीकडे सरकवा आणि *डावीकडच्या* फटीतून टोक पुन्हा समोर काढा. आता अंग सुईच्या पुढे आडवे आलेले दिसेल, जणू सुईने त्याला कवेत घेतले आहे.

घ) दोरा घ्या आणि सुई आली त्याच वाटेने, अंगाच्या मागून, परत ओढून आणा. सुईवर तीन फास.

च) हा ओढलेला फास वर, चालू ओळीच्या उंचीपर्यंत ताणा.

छ) दोरा घ्या, दोन फासांतून काढा. पुन्हा दोरा घ्या, उरलेल्या दोन फासांतून काढा.

डाव्या हाताने विणत असाल तर उजवे-डावे बदला, बाकी सगळे तेच.

‘च’ ही पायरी व्हिडिओत डोळ्याला दिसतही नाही, पण वीण तिच्यावरच उभी आहे. उठाव खांबाची मुळे डोक्यात नसून खाली, अंगाच्या मध्यावर असतात. तेवढी उंची भरून काढायला फास लांब ओढावाच लागतो. तो आखूड राहिला की उठाव खांब शेजारच्या साध्या खांबांना खाली खेचतो, कापड आकसते आणि खण चौकोनी न राहता चेपल्यासारखे दिसतात.

दुसरी गोष्ट: ज्या खांबाच्या अंगाभोवती तुम्ही टाका घेतलात, त्याचे डोके रिकामे राहते. ते तसेच रिकामे राहू द्यायचे. उठाव खांबाने त्या डोक्याची जागा घेतलेली आहे.

याच टाक्याचा मागून घ्यायचा प्रकारही आहे. त्यात सुई मागच्या बाजूने फटीत शिरते, अंगाच्या पुढून जाते आणि पुन्हा मागे निघते. सपाट विणीत त्याची गरज नाही. टोपीच्या वेळी लागेल.

५. साखळी आणि पायाची ओळ

सूत्र: तीनच्या पटीत टाके, अधिक दोन साखळ्या. सरावासाठी २१ टाके, म्हणजे २३ साखळ्या घाला.

साखळी सैल हवी. हात घट्ट असेल तर फक्त साखळीपुरती अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्या. घट्ट साखळीमुळे खालची कड आखडते आणि पट्टी खाली अरुंद, वर रुंद होते. हा दोष धुऊन किंवा ओढून जात नाही.

पहिली ओळ: सुईपासून *चौथ्या* साखळीत पहिला खांब. सोडलेल्या तीन साखळ्या हाच या ओळीतला पहिला टाका. पुढे प्रत्येक साखळीत एक खांब. शेवटी मोजा: २० खांब आणि सुरुवातीच्या साखळ्यांचा १, एकूण २१. एकही कमी-जास्त असेल तर इथेच उसवा, कारण तीनच्या पटीबाहेरचा टाका पुढे कुठेही लपवता येत नाही.

६. दुसरी ओळ: सुलट बाजू

काम फिरवा. दोन साखळ्या घाला, त्या पहिल्या टाक्याच्या जागी मोजायच्या. अनेक नमुन्यांत इथे तीन साखळ्या सांगतात, पण तीनने कडेला भोक पडते. दोननेच कड सरळ येते. दुसऱ्या साखळीत लगेच एक पिन अडकवा, ओळीच्या परतीला हीच जागा सापडत नाही.

आता:

- दुसऱ्या खांबाच्या अंगाभोवती १ उठाव खांब.
- पुढच्या दोन डोक्यांत प्रत्येकी १ साधा खांब.
- त्यापुढच्या अंगाभोवती १ उठाव खांब.
- साधे दोन, उठाव एक, असेच शेवटून दुसऱ्या टाक्यापर्यंत. तो शेवटून दुसरा टाका उठावच यायला हवा.
- शेवटचा साधा खांब पहिल्या ओळीच्या सुरुवातीच्या साखळीच्या सगळ्यात वरच्या घरात.

मोजणी: कडेचा १, उठाव १, मग (साधे २, उठाव १) सहा वेळा, कडेचा १. एकूण २१. उठाव खांब नेमके ७ असतात आणि ते २, ५, ८, ११, १४, १७, २० या जागांवर येतात.

एक उठाव खांब झाल्यावर पुढचे डोके शोधताना जपा. सुईच्या अगदी जवळ, उठाव खांबाच्या मागे एक डोके डोकावत असते आणि हात आपोआप त्यात जातो. ते अंग वापरलेल्या खांबाचे रिकामे डोके आहे. ते सोडून त्याच्या *पुढचे* डोके घ्या. टाके वाढत जाण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच आहे.

ओळ संपली की तुमच्याकडे तोंड करून असलेल्या बाजूला एक सेफ्टी पिन लावा. ही सुलट बाजू. पिन काम संपेपर्यंत काढू नका.

७. तिसरी ओळ: उलट बाजू

काम फिरवा, दोन साखळ्या. आता समोर उलट बाजू आहे. मघाचे उठाव खांब इथून आत दबलेले दिसतात, आणि त्यांच्यामधले साध्या खांबांचे जोड पुढे आलेले.

- पहिला दबलेला खांब: त्याच्या डोक्यात साधा खांब.
- पुढे आलेली जोडी: दोन्ही अंगांभोवती वेगवेगळा, प्रत्येकी १ उठाव खांब.
- दबलेल्या खांबाच्या डोक्यात साधा खांब.
- असेच शेवटपर्यंत, मग कडेचा साधा खांब साखळीच्या वरच्या घरात.

मोजणी: कडेचा १, साधा १, मग (उठाव २, साधा १) सहा वेळा, कडेचा १. पुन्हा २१. उठाव १२, आणि दोन्ही कडा धरून साधे ९.

दबलेल्या खांबाचे डोके इथे पलीकडे कललेले असते. काम जरा पुढे वाकवून वरून पाहिले की दिसते.

आता काम फिरवून सुलट बाजू पाहा. ज्या जोड्यांभोवती तुम्ही उठाव घेतलात त्यांची रिकामी डोकी या बाजूला ढकलली जाऊन एक आडवी रेघ उठलेली असेल. उभी रेघ दुसऱ्या ओळीने दिली, आडवी तिसरीने. दोन्ही मिळून खण.

८. यापुढे नमुना बाजूला ठेवा

चौथी ओळ दुसरीसारखी, पाचवी तिसरीसारखी, सम ओळी सुलट, विषम उलट. कागदावर खुणा करत विणता येते, पण मधेच कुकरची शिट्टी झाली की कोणत्या ओळीवर होतो ते आठवत नाही. त्यापेक्षा एकच नियम हाताशी ठेवा, तो दोन्ही बाजूंना लागू पडतो:

पुढे उठलेला खांब दिसला तर त्याच्या अंगाभोवती, आत दबलेला दिसला तर त्याच्या डोक्यात. कडेचे दोन टाके मात्र नेहमी साधे.

सुलट बाजूला एकटे खांब उठलेले आणि जोड्या दबलेल्या असतात, उलट बाजूला जोड्या उठलेल्या आणि एकटे दबलेले. म्हणजे विणच पुढचा टाका सांगते. सुरुवातीला प्रत्येक टाक्याआधी अंगठा कापडावरून फिरवून उठाव चाचपा. सात-आठ ओळींनंतर डोळा आपण होऊन ओळखायला लागतो.

तीन ओळींत वीण सुंदर दिसत नाही. खण दोन ओळींचा असतो, त्यामुळे किमान आठ ओळी झाल्याशिवाय ‘चुकले’ असा निकाल देऊ नका. पहिल्या तीन-चार ओळींत जितके उसवले जाते त्यातले बरेचसे बरोबरच असते.

९. काय बिघडते आणि का

*टाके वाढले.* उठाव खांबामागचे रिकामे डोके वापरले गेले. ज्या ओळीत वाढ झाली तिथपर्यंत उसवा. पुढच्या ओळीत दोन टाके एकत्र करून आकडा जुळवता येतो, पण उभ्या रेघेत मोड दिसतो.

*टाके कमी झाले, कड तिरकी जाते.* बहुधा ओळीच्या शेवटी साखळीवरचा टाका राहिला. कडेने पाहिले की प्रत्येक ओळीत तो पायरीसारखा सुटलेला दिसतो.

*दोन्ही बाजूंनी उभ्या रेघा आहेत, खण नाहीत.* उलट बाजूलाही एकट्या खांबाभोवतीच उठाव घेतला गेला. उलट बाजूला जोडीभोवती घ्यायचा आहे.

*आडवी रेघ मधेच तुटते.* जोडीतल्या एका अंगाभोवती घेतला, दुसऱ्याच्या डोक्यात गेला. त्या ठिकाणी रिकामे डोके उरत नाही, म्हणून रेघेला खंड पडतो.

*उभी रेघ एका जागी आत जाते.* सुई मागून घातली गेली. समोरून आत, समोरच बाहेर.

*उठाव पुसट.* सुई पूर्ण अंगाभोवती न जाता त्याच्या काही धाग्यांतून गेली. सैल पिळाच्या लोकरीत हे फार होते. टोक बाहेर काढल्यावर सगळे अंग सुईवर आले आहे ना ते पाहून मगच दोरा घ्या.

*सगळे कापड जाड पुठ्ठ्यासारखे.* सुई बारीक आहे. अर्धा मिलिमीटर वाढवा. ही वीण मुळातच दाट असते, तिला घट्ट हात सोसत नाही.

चूक शोधायला प्रत्येक टाका मोजायची गरज नसते. सुलट ओळ संपली की फक्त उभ्या रेघा मोजा. २१ टाक्यांच्या कामात त्या सात असायला हव्यात आणि दोन्ही कडांना रेघेच्या बाहेर एकच साधा खांब. उसवण्याआधी शेवटच्या बरोबर ओळीत एक पिन लावा, म्हणजे ओढता ओढता पुढे जात नाही. उठाव खांब उसवताना दोरा अंगामागे अडकतो, झटका देऊ नका, सुईने सोडवा.

१०. गळपट्ट्याचे गणित

सरावाची चौकट किमान आठ ओळींची झाली की मोजा. सुरुवातीच्या ओळींवरून माप घेऊ नका, उठाव खांबांमुळे कापड वर जाताना थोडे आत येते.

समजा १० सेंटिमीटरमध्ये १४ टाके आले. गळपट्टा १९ सेंटिमीटर रुंद हवा असेल तर १९ × १४ ÷ १० = २६.६ टाके. जवळची तीनची पट २७. म्हणजे २९ साखळ्या, आणि नऊ उभ्या रेघा.

लोकर किती लागेल हे अंदाजाने ठरवू नका. वॉफल साध्या खांबांच्या विणीपेक्षा बरीच जास्त लोकर खाते, आणि गोळा मधेच संपला तर त्याच लॉटचा दुसरा मिळेलच असे नाही. चौकट वजनकाट्यावर ठेवा. १५ × १५ सेंटिमीटरची चौकट, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर, समजा १८ ग्रॅम भरली. मग एका चौरस सेंटिमीटरला ०.०८ ग्रॅम. गळपट्टा १९ × १५० सेंटिमीटर, म्हणजे २,८५० चौरस सेंटिमीटर. २,८५० × ०.०८ = २२८ ग्रॅम. चुकीसाठी आणि टोकांसाठी दहा टक्के वाढवा, साधारण २५० ग्रॅम. पन्नास ग्रॅमचे पाच गोळे. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या हाताची चौकट वेगळी भरेल. म्हणून मोजाच.

नवा गोळा नेहमी ओळीच्या टोकाला जोडा: शेवटच्या खांबाचे दोन फास उरले की ते नव्या दोऱ्याने ओढून काढा. पट्टे पाडायचे असतील तरी हीच रीत, आणि रंग सुलट ओळ संपल्यावर बदला. उठाव खांब खालच्या ओळीत उतरतो, त्यामुळे दोन रंगांची सीमा दातेरी येते. सरळ रेघेचे पट्टे हवे असतील तर ही वीण त्यासाठी नाही.

गळपट्ट्याची मागची बाजूही दिसते. तिथे खण नसतात, बारीक चटईसारखी सपाट वीण असते. ती नीटनेटकीच दिसते, फक्त दोन्हीकडे खण येतील अशी अपेक्षा ठेवू नका.

११. कड, धुणे

शेवट सुलट ओळीवर करा, म्हणजे वरचा खण पूर्ण होतो. मग भोवती मुक्या खांबांची एक ओळ: वर-खाली प्रत्येक टाक्याला एक, उभ्या कडेला प्रत्येक ओळीला दोन, कोपऱ्यात तीन. उभी कड लहरायला लागली तर दोन ओळींना तीन करा. दोऱ्याची टोके उलट बाजूने, उभ्या रेघेमागून दोन दिशांनी ओवून टाका. नुसती गाठ मारून कापलेली टोके धुताना बाहेर येतात.

ॲक्रिलिकच्या वॉफलवर इस्त्री फिरवू नका, वाफेचीसुद्धा. उष्णतेने धागा लोळागोळा होतो, खण सपाट होतात आणि पुन्हा उठत नाहीत. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा आणि आडवे पसरून वाळवा. दोरीवर टांगलेले ओले वॉफल स्वतःच्या वजनाने लांबते.

१२. टोपी: गोल विणताना एक बदल

गोल विणताना काम फिरवले जात नाही, सतत सुलट बाजूच समोर असते. त्यामुळे उलट ओळ जशीच्या तशी चालत नाही.

टाके तीनच्या पटीत घ्या, दोन जादा साखळ्या नकोत, कारण कडेचे टाकेच नाहीत. मोठ्या माणसाच्या टोपीला वरच्या मापाने, म्हणजे १० सेंटिमीटरला १४ टाके या हिशोबाने, ६९ टाके घ्या. घेर सुमारे ४९ सेंटिमीटर होतो आणि डोक्यावर ताणून बसतो. साखळी पिळलेली नाही हे पाहून पहिल्या साखळीत सरकटाक्याने, म्हणजे स्लिप स्टिचने, जोडा. पहिला फेरा साध्या खांबांचा.

मग दोन फेरे आलटून पालटून:

- पहिला प्रकार: (१ उठाव खांब, २ साधे खांब), फेरा भरेपर्यंत.
- दुसरा प्रकार: उठाव खांबाच्या डोक्यात १ साधा, मग साध्या जोडीतल्या प्रत्येकाच्या अंगाभोवती *मागून* घेतलेला १ खांब.

प्रत्येक फेऱ्याच्या सुरुवातीच्या दोन साखळ्या इथे टाका म्हणून मोजू नका, लगेच पहिल्या जागेवर खरा टाका घ्या आणि फेरा संपल्यावर त्या खऱ्या टाक्यात जोडा. साखळी मोजली तर त्या जागची उभी रेघ प्रत्येक फेऱ्यात तुटते. उंची २० ते २२ सेंटिमीटर झाली की वरच्या कडेच्या सगळ्या डोक्यांतून दुहेरी लोकर ओवून घट्ट आवळा, आत दोनदा गाठ मारा आणि मध्ये राहिलेले भोक आतून चार टाके घालून बुजवा.